लाइन मेंटेनन्सचा करार ३१ मार्चला संपतोय. मागणीपत्र, डीए आणि संपाची नोटीस याबद्दल नेमकी माहिती हवी

टॉर्करेंच

नमस्कार. मुंबई विमानतळावरची एक विमान कंपनी, लाइन आणि हँगर मिळून ३४० टेक्निशियन. युनियन नोंदणीकृत आहे आणि आधीचे दोन करार याच युनियनने केले. चालू करार चार वर्षांचा. कमिटीत यंदा पाचपैकी तिघे नवे आहेत आणि मसुद्याच्या पहिल्याच बैठकीत गाडी अडली.

एक म्हणतो, मागणीपत्र करार संपल्यावर द्यायचं. दुसरा म्हणतो, आधी. महागाई भत्ता जुन्या निर्देशांकावर आहे (२००१ = १०० मालिका, ३०० च्या वरच्या प्रत्येक अंकाला १२ रुपये), तो नव्या मालिकेवर आणायला मॅनेजमेंट तयार आहे आणि "दर तोच ठेवू" असं तोंडी सांगते. यात काही गोम आहे का? शिवाय साठेक परवानाधारक इंजिनिअर आमच्याबरोबर यायला तयार आहेत, पण एचआर म्हणतं की सही करणारा इंजिनिअर कामगार नसतोच. आणि तरुण मंडळींचा आग्रह आहे की बोलणी लांबली तर एक दिवस सगळ्यांनी कॅज्युअल टाकायची. यातलं कायद्यात काय बसतं?

अंदाज नकोत, आकडे आणि पायऱ्या हव्यात.

फाइलवाला

सुरुवात दरवाज्यापासून, म्हणजे कोणत्या सरकारी कार्यालयात जायचं इथून करू, कारण मुंबईत निम्मा घोळ तिथेच होतो. कारखान्यात काम केलेले सल्लागार सवयीने १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याकडे, म्हणजे एमआरटीयू-पल्पकडे, धावतात. तो कायदा समुचित सरकार (त्या उद्योगातले कामगारांचे वाद ज्या सरकारच्या अखत्यारीत येतात ते) राज्याचं असेल तिथेच लागतो. हवाई वाहतुकीला समुचित सरकार केंद्राचं. म्हणजे वांद्र्याचं कामगार भवन तुमचं नव्हे, सायनचं श्रम रक्षा भवन तुमचं. केंद्राच्या कामगार आयुक्तांची यंत्रणा तिथे बसते. (कंपनी स्वतः विमानं उडवत नसेल, फक्त इतरांची दुरुस्त करत असेल, तर हा मुद्दा वादाचा होतो. तिथे दोन्ही कार्यालयांची पोच घेऊन ठेवलेली बरी.)

दुसरं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. १९४७ चा कायदा गेला. लोक अजून करारांना त्या जुन्या कायद्यातल्या कलमांवरून "एटीन-वन", "ट्वेल्व्ह-थ्री" म्हणतात आणि म्हणत राहतील, पण पत्रात जुनी कलमं टाकू नका. उत्तरात तेवढ्यावरच दोन परिच्छेद येतात आणि पंधरा दिवस जातात.

आता तारखा. करार ३१ मार्चला आपोआप मरत नाही. मुदत संपल्यावरही तो बंधनकारक राहतो, जोवर एक पक्ष तो संपवण्याची लेखी नोटीस देत नाही आणि त्यानंतर ६० दिवस उलटत नाहीत. त्यामुळे पत्रं दोन लागतात: एक करार संपवण्याची नोटीस, दुसरं मागणीपत्र. कमिट्या नुसतं मागणीपत्र देतात आणि सहा महिन्यांनी मॅनेजमेंट सांगते, जुना करार चालूच आहे, संपाचा प्रश्न येतो कुठे? ३१ मार्चपासून उलटे ६० दिवस मोजले तर ३० जानेवारी येतो. तेवढ्यावर न जाता जानेवारीच्या मध्याला नोटीस द्या, पोच शिक्क्यासह घ्या आणि एक प्रत सायनला.

त्याआधी एक गृहपाठ. संहितेत वाटाघाटी करणारी युनियन ठरवायची पद्धत आहे. एकापेक्षा जास्त युनियन असतील तर आस्थापनेच्या हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकटी बोलणी करते. कुणाकडेच ५१ टक्के नसतील तर वाटाघाटी परिषद बनते आणि तिच्यात किमान २० टक्के पाठिंबा असलेल्यांनाच जागा मिळते, दर २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी. खरा वाद भाजकाचा आहे. ३४० हे कशाच्या ५१ टक्के? इंजिनिअरिंग ही वेगळी आस्थापना धरली तर तुम्ही आरामात पुढे. ग्राउंड स्टाफ, कार्गो सगळे एका पटावर धरले तर तुम्ही दहा टक्केही नसाल. आधीचे दोन करार फक्त इंजिनिअरिंगपुरते झाले असतील तर त्या करारांचं पहिलं पान हाच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा. मागणीपत्राला ते जोडा.

संपाची नोटीस: किमान १४ दिवस आधी, आणि नोटिशीपासून ६० दिवसांच्या आत संप झाला पाहिजे, नाहीतर नवी नोटीस. कागदावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात असं होतं: २ जूनला नोटीस दिली, ९ जूनला समेट अधिकाऱ्याने (दोन्ही बाजूंत तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) पहिली बैठक लावली. त्या दिवसापासून समेटाची कार्यवाही सुरू झाली असं धरतात आणि ती चालू असेपर्यंत, वर संपल्यावर ७ दिवस, संप बेकायदा. संपाच्या नोटिशीवरच्या समेटात अहवाल १४ दिवसांत द्यायचा असतो, म्हणजे २३ जून. त्यापुढे ७ दिवस, ३० जून. तुमची नोटीस १ ऑगस्टपर्यंत चालते, म्हणजे जुलै महिना मोकळा दिसतो. पण अहवाल मिळाल्यावर ९० दिवसांत कुठलाही पक्ष थेट ट्रिब्युनलकडे (औद्योगिक न्यायाधिकरणाकडे) अर्ज करू शकतो, आता सरकारने वाद तिकडे पाठवण्याची गरज उरलेली नाही. आणि ट्रिब्युनलपुढे प्रकरण असताना, शिवाय निकालानंतर ६० दिवस, पुन्हा संपबंदी. मॅनेजमेंटचा वकील १ जुलैलाच अर्ज घेऊन उभा असतो.

म्हणून संपाची नोटीस ही समेट अधिकाऱ्यासमोर मॅनेजमेंटला बसवायची किल्ली समजा. त्या टेबलावर झालेला करार सगळ्यांना लागू होतो, सभासद नसलेल्यांना आणि उद्या भरती होणाऱ्यांनाही. बाहेर आपसात सही केलेला करार फक्त सही करणाऱ्या पक्षांना बांधतो.

दशांशचिन्ह

"दर तोच ठेवू" यात गोम आहे, आणि चांगलीच मोठी आहे.

औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक केंद्राचं लेबर ब्युरो काढतं. सप्टेंबर २०२० पासून तो २०१६ = १०० या पायावर येतो. २००१ च्या मालिकेत न्यायचा असेल तर ज्याने गुणायचं तो जोड-गुणक २.८८. त्याहून जुने करार १९८२ = १०० वर असतील तर पुन्हा ४.६३ ने गुणायचं.

समजा नवा निर्देशांक १४५ आहे. १४५ × २.८८ = ४१७.६. त्यातून ३०० वजा, उरले ११७.६ अंक. गुणिले १२ रुपये = १,४११ रुपये २० पैसे. हा आजचा भत्ता.

आता मॅनेजमेंटचा प्रस्ताव: आजचा १,४११ रुपये भत्ता मूळ पगारात विलीन, यापुढे १४५ च्या वरच्या प्रत्येक नव्या अंकाला १२ रुपये. ऐकायला छान, मूळ पगारही वाढतो. पण नवा एक अंक म्हणजे जुने २.८८ अंक. दर तोच ठेवायचा तर तो १२ × २.८८ = ३४.५६ रुपये हवा. निर्देशांक ५ अंकांनी वाढला तर तुम्हाला १७२.८० मिळायला हवे होते, मिळणार ६०. एका माणसामागे महिन्याला ११२.८० गेले, आणि ही फट दर अंकाला रुंदावत जाते. चार वर्षांत २० अंक वाढले असं धरा: ६९१ च्या जागी २४०. टेबलावर टक्केवारीत जे मिळवलं ते इथून हळूहळू परत जातं आणि पगारपत्रकावर कुणाच्या लक्षातही येत नाही.

कलमात लिहा: कोणती मालिका, कोणतं केंद्र (अखिल भारतीय की मुंबई), किती महिन्यांची सरासरी, कोणत्या महिन्यापासून लागू, आणि पुढे मालिका बदलली तर लेबर ब्युरोचा जोड-गुणक आपोआप लागेल हे वाक्य. हे शेवटचं वाक्य नसल्यामुळेच हा घोळ होतो.

जाता जाता: सपाट रुपये-प्रति-अंक हा प्रकार ज्येष्ठांना मारक आहे. १८,००० मूळ पगाराला आणि ४०,००० मूळ पगाराला भत्ता सारखाच. टक्केवारीचा डीए मागून बघा, निदान वरच्या दोन ग्रेडना.

भत्त्यांचं गणितही बदललंय. वेतन संहितेतल्या व्याख्येनुसार वेतनातून वगळलेल्या गोष्टी एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या तर वरचा भाग वेतनात धरतात. उदाहरण घ्या, एकूण ६०,०००. मूळ आणि डीए मिळून २४,०००, बाकी ३६,००० घरभाडं, वाहतूक आणि नाना नावांचे भत्ते. हे सगळे भत्ते वगळण्याजोगे आहेत असं कंपनीच्याच बाजूने धरलं तरी मर्यादा ३०,००० ची, म्हणून वरचे ६,००० वेतनात आले. वेतन ३०,००० च्या खाली जातच नाही. (टाइप-लायसन्स भत्ता, म्हणजे विशिष्ट जातीच्या विमानाच्या परवान्याबद्दलचा, वगळण्याच्या यादीत शोधून बघा. यादीत नसेल तर तो वेतनच आहे असं म्हणायला जागा आहे.)

याचा परिणाम कुठे? ग्रॅच्युइटी: २४,००० वर वर्षाला १३,८४६ आणि ३०,००० वर १७,३०८. वीस वर्षांच्या नोकरीला ६९,२३१ रुपयांचा फरक. ओव्हरटाइम दुप्पट दराने, २६ दिवस × ८ तास = २०८ तास धरले तर ताशी २३०.७७ आणि २८८.४६. महिन्याला ४० तास करणाऱ्याला २,३०० च्या वर. पीएफमध्ये मात्र फारसं हलणार नाही, कंपनी कायद्याच्या १५,००० च्या मर्यादेवरच भरत असेल तर.

म्हणून मागणीपत्रात "२५ टक्के वाढ" असं मोघम लिहू नका. दहा वर्षांचा, वीस वर्षांचा आणि नवा असे तीन टेक्निशियन घ्या, त्यांची आजची पगारपत्रकं आणि मागणीनंतरची पगारपत्रकं शेजारी शेजारी मांडा, आणि प्रत्येक मागणीचा ३४० जणांचा वार्षिक खर्च काढा. मॅनेजमेंटकडे हा तक्ता असतोच. तुमच्याकडे नसेल तर दुसऱ्या बैठकीपासून तुम्ही त्यांच्या आकड्यांवर बोलत असता.

सी-चेक

इंजिनिअर कामगार की नाही, याचं उत्तर पदनामात नाही, कामात आहे. व्याख्येत कुशल आणि तांत्रिक काम स्पष्ट आहे आणि तिथे पगाराची मर्यादा नाही. बाहेर पडतात ते व्यवस्थापकीय काम करणारे, आणि पर्यवेक्षकाचं काम करून महिन्याला १८,००० च्या वर वेतन घेणारे. म्हणजे एचआरला सिद्ध करावं लागेल की बी-१ किंवा बी-२ (परवान्याचे वर्ग) इंजिनिअरचं मुख्य काम माणसांवर देखरेख हे आहे. विमान सेवेत सोडण्याची सही तो परवान्याच्या आणि कंपनीने दिलेल्या अधिकारपत्राच्या जोरावर करतो. ती सही कामाची असते, माणसांवरच्या हुकमतीची नव्हे.

पुरावा असा गोळा करा: रजा कोण मंजूर करतं, मेमो कोण देतं, वार्षिक मूल्यमापनावर कुणाची सही, रोस्टर कोण बनवतं. चारही उत्तरं "शिफ्ट मॅनेजर" असतील तर इंजिनिअर कामगार ठरायला हरकत नाही. रोस्टर इंजिनिअरच बनवत असेल तर तेवढं आधी थांबवा, निदान त्याच्या नावाने फिरणारे मेल थांबवा. आणि बोरोस्कोप (इंजिनाच्या आत बघायची दुर्बीण) स्वतः हातात धरून केलेल्या तपासणीची टास्क कार्डं (कामाच्या नोंदी) बाजूला काढून ठेवा.

सामूहिक कॅज्युअलचं तरुणांना आजच सांगा: संहितेत संपाच्या व्याख्येतच ते आलंय. ५० टक्के किंवा जास्त कामगारांनी एकाच दिवशी ठरवून कॅज्युअल घेतली की तो संप. नोटीस नसेल तर बेकायदा. दंड १,००० ते १०,००० रुपये किंवा एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. चिथावणाऱ्याला दंड १०,००० पासून ५०,००० पर्यंत, म्हणजे व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज टाकणारा सरचिटणीस. आणि ४९ टक्क्यांवर थांबू अशी हुशारी नको. ठरवून काम नाकारणं व्याख्येच्या पहिल्याच भागात बसतं.

"नियमानुसार काम" हेही नाव देऊ नका. मॅन्युअलप्रमाणे काम हे रोजचंच कर्तव्य आहे; त्याला आंदोलनाचं नाव दिलंत की उद्या कंपनी म्हणेल, म्हणजे एरवी मॅन्युअल पाळत नव्हतात? एमईएलचे दोष (ठराविक मुदतीत दुरुस्त करायच्या अटीवर विमान उडू देणाऱ्या यादीतले) तर बोलण्यांच्या आसपासही आणू नका. बी वर्गाचा दोष ३ दिवस, सी १० दिवस, डी १२० दिवस, ही मुदत करारासाठी ताणायची किंवा आवळायची नसते. कुणी एकाने सूडाने विमान अडवलं असा नुसता संशय आला तरी डीजीसीएसमोर (नागरी विमान वाहतुकीचं नियामक) परवान्याचा प्रश्न उभा राहतो, आणि तिथे युनियनचा वकील कामाचा नाही.

टेबलावर वापरायची नियमातली खरी गोष्ट वेगळी आहे. डीजीसीएच्या विमान दुरुस्ती संस्थांसाठीच्या सीएआर-१४५ नियमांमधलं १४५.ए.३० डी संस्थेकडे मनुष्य-तासांचं नियोजन मागतं, आणि त्यावरच्या मार्गदर्शनात आहे की कुठल्याही शिफ्टला हँगर, वर्कशॉप किंवा फ्लाइट लाइनवर काम करणाऱ्यांपैकी निम्मे तरी संस्थेचे स्वतःचे हवेत. १४५.ए.४७ म्हणतं, शिफ्ट आखताना माणसाच्या क्षमतेच्या मर्यादा धरा. कंत्राटी टेक्निशियनांचं प्रमाण आणि सलग नाइट, या दोन मागण्या पगाराच्या रकान्यात न टाकता या दोन परिच्छेदांना बांधा. "आम्ही दमतो" याला उत्तर असतं. "गेल्या तीन महिन्यांत रात्रीच्या अमुक शिफ्टला स्वतःचे ९, कंत्राटी १३" याला नसतं. रोस्टरच्या प्रती जपा.

टॉर्करेंच

डीएचं गणित कमिटीत फळ्यावर मांडलं, एकदम शांतता पसरली. दोन उपप्रश्न. बोलणी वर्षभर लांबली तर फरकाऐवजी (वाढीच्या मागच्या महिन्यांच्या थकबाकीऐवजी) एकरकमी ५०,००० देऊ असं मागच्या वेळी झालं होतं. ते घ्यावं का? आणि मसुद्यात हमखास काय राहून जातं?

फाइलवाला

एकरकमी घ्या, पण आकडा बघून. महिन्याची वाढ ६,००० ठरली आणि १२ महिने लांबलं तर फरक ७२,०००, वर त्यावरचा ओव्हरटाइम आणि पीएफ. ५०,००० घेतले की हे सगळं सोडलं. शिवाय एकरकमी रकमेला "सदिच्छा" म्हटलं की ती वेतन नाही असा युक्तिवाद तयार. फरक हा फरक म्हणूनच लिहा. तो मागच्या आर्थिक वर्षाचा असेल तर आयकरात सवलत मागता येते, मात्र त्याचा फॉर्म रिटर्नच्या आधी ऑनलाइन भरावा लागतो. लोक रिटर्न भरून मोकळे होतात आणि मग नोटीस येते.

राहून जातं ते हे. १ एप्रिल ते सहीच्या तारखेदरम्यान निवृत्त झालेले, राजीनामा दिलेले आणि वारलेले यांना फरक मिळेल, हे वाक्य. नसेल तर "सहीच्या दिवशी पटावर असलेले" असं वाचलं जातं आणि तीस वर्षं काढलेला माणूस रिकाम्या हाताने जातो.

हस्तांतराचं कलम. एअर इंडियाचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे: विमान कंपनी जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली, इंजिनिअरिंगची एआयईएसएल सरकारकडे राहिली. हँगर तेच, विमानं तीच, मालक वेगळा. उद्या तुमचं लाइन मेंटेनन्स वेगळ्या कंपनीत काढलं तर सेवेची सलगता, ग्रेड आणि हा करार सोबत जाईल, हे आजच लिहून घ्या. बोलणी चांगली चालू असतात तेव्हाच हे कलम मिळतं.

"सध्याच्या सवलती चालू राहतील" हे मोघम वाक्य नको. परिशिष्टात यादी द्या: सेफ्टी शूज वर्षाला किती जोड, नाइटची कॅब कुठून कुठपर्यंत, कॅन्टीनचा दर, टूल हरवल्यास वसुली कशी, टाइप कोर्सच्या बाँडची (कंपनीने शिकवल्यावर लवकर सोडून गेल्यास भरायची) रक्कम आणि ती महिन्यागणिक कशी कमी होते. बाँडवर नवीन पोरं सगळ्यात जास्त अडकतात. रक्कम तीन वर्षं तशीच राहत असेल तर ते कलम उघडून घ्या.

आणि अंमलाची तारीख. "शक्य तितक्या लवकर फरक दिला जाईल" म्हणजे दिवाळीनंतर. सहीपासून ४५ दिवस, उशीर झाल्यास व्याज, असं लिहा.

रॅम्पवरून

अमेरिकेतली बाजू थोडक्यात, कारण तिकडचे व्हिडिओ बघून इथे "संप करू" म्हणणारे बरेच आहेत. तिथे विमान कंपन्यांना १९२६ चा रेल्वे लेबर अॅक्ट लागतो, १९३६ पासून. त्यात करार संपत नाही, फक्त दुरुस्तीयोग्य होतो, आणि नॅशनल मीडिएशन बोर्ड हे सरकारी मध्यस्थ मंडळ मध्यस्थी सोडेपर्यंत संप करता येत नाही. बोर्डाला मुदत नाही. सोडल्यावर ३० दिवसांचा थांबा. साउथवेस्ट या विमान कंपनीच्या मेकॅनिकांचा करार २०१२ मध्ये दुरुस्तीयोग्य झाला, नवा २०१९ मध्ये मंजूर झाला.

आणि संप झालाच तर? नॉर्थवेस्ट ही विमान कंपनी, २० ऑगस्ट २००५. एएमएफए या युनियनचे सुमारे ४,४०० मेकॅनिक, क्लीनर बाहेर पडले. कंपनीने बदली माणसं आधीच शिकवून ठेवली होती, वैमानिक आणि बाकीच्या युनियन कामावर राहिल्या, विमानं उडत राहिली. संप नोव्हेंबर २००६ मध्ये संपला तेव्हा बहुतेक जागा गेलेल्या होत्या. आपल्या पाठीशी कोण उभं राहील हे आधी विचारलेलं बरं; लोडर आणि केबिन क्रूच्या युनियनला मागणीपत्राची प्रत द्यायला काही पैसे पडत नाहीत.

दशांशचिन्ह

@टॉर्करेंच, एक राहिलं. प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त त्याच दिवशी दोन्ही बाजूंच्या सहीने घ्या. मॅनेजमेंट "मेल करतो" म्हणाली तर रात्री तुम्हीच मेल करा: आज अमुक मुद्द्यावर अमुक आकडा मांडला गेला, दुरुस्ती असल्यास ४८ तासांत कळवा. डीएच्या दराबद्दल जे तोंडी चाललंय ते पुढच्या बैठकीत याच पद्धतीने कागदावर आणा, आणि १४५ × २.८८ चं उदाहरण करारातच छापून घ्या. सूत्राचा अर्थ पाच वर्षांनी कुणी वेगळा लावतं. सोडवून दाखवलेल्या उदाहरणाचा अर्थ कुणाला वेगळा लावता येत नाही.

टॉर्करेंच

उदाहरण परिशिष्ट-३ मध्ये टाकतोय. नोटीस १२ जानेवारीला, दोन प्रती, एक सायनला. इंजिनिअरांच्या रोस्टरचे मेल आजपासून शिफ्ट मॅनेजरच्या नावाने मागायला सांगितलंय. बाँडचं कलम उघडलं, रक्कम तीन वर्षं खरंच तशीच आहे.